एस्टीमचं इंजिन ऑइल गळतंय, मागची क्रँक सील बदलूनही थांबत नाही

कृष्णाकाठ (सातारा), २ जून, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. गाडी बाबांची आहे. १९९८ ची मारुती एस्टीम, कार्ब्युरेटरवाली, १२९८ सीसी. १,४२,००० किमी झालेत. पंधरा वर्षं पुरी झाल्यावर नोंदणीचं दर पाच वर्षांचं नूतनीकरण तीनदा करून घेतलंय, कारण बाबांना दुसरी गाडी चालवायचीच नाही आणि मलाही ती विकायची नाही.

गेल्या वर्षभर पार्किंगमध्ये रुपयाएवढा डाग पडायचा. दिवाळीनंतर तो बशीएवढा झाला. गॅरेजमध्ये दाखवलं, तर फिटरने खालून पाहून लगेच सांगितलं, की क्रँकची मागची सील (क्रँकशाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला ऑइल अडवणारी रबरी कडी) गेली. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लच झाकणारं कवच) तळाशी थेंब लोंबत होता, त्यामुळे मलाही पटलं. फेब्रुवारीत गिअरबॉक्स उतरवला, सील बदलली, हातासरशी क्लच प्लेटही नवी घातली. ११,५०० रुपये झाले. तीन आठवड्यांत थेंब परत त्याच जागी.

आता तो म्हणतो, सीलच खराब निघाली असणार, परत उतरवू. दुसऱ्या गॅरेजने हाफ इंजिन, म्हणजे इंजिन खोलून पिस्टन रिंग-बेअरिंग बदलायला सांगितलंय. तिसरे म्हणाले, जुनी गाडी आहे, ऑइल टाकत राहा.

मे महिन्यात सातारा-पुणे दोन फेऱ्या झाल्या, साधारण ४५० किमी. निघताना ऑइल, ते मोजायच्या काडीच्या वरच्या खुणेला होतं. दुसऱ्या फेरीत परत येताना खंबाटकी चढत असताना एका वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. मागे आई बसली होती. गाडी कडेला घेतली, काडी ओढली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. एक लिटर टाकलं आणि चाळीसच्या वेगाने घरी आलो. सायलेन्सरमधून निळा धूर नाही. पिकअप ठीक आहे.

गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवू का? पैशांपेक्षा मला याची भीती वाटते, की परत उतरवूनही गळती थांबली नाही तर बाबाच गाडी काढून टाका म्हणतील.

सायलेन्सर (ठाणे), २ जून, रात्री ९:३२

खालून आणि वरून, दोन्ही बाजूंनी फोटो टाका. नुसत्या थेंबावरून सांगणं अवघड आहे.

गॅरेजकाका (कोल्हापूर), २ जून, रात्री १०:०५

उद्यमनगरात चौतीस वर्षं हेच काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट दिव्याची. तो दिवा ऑइल कमी झाल्याचा नाही, प्रेशर गेल्याचा आहे. चेंबरमध्ये (इंजिनाखालची ऑइलची टाकी) ऑइल तळाला गेलं की वळणावर ते एका बाजूला सरकतं, पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. तेवढा वेळ बेअरिंगला काही मिळत नाही. तुम्ही लगेच थांबलात, इंजिन वाचलं. गळतीचा निकाल लागेपर्यंत रोज सकाळी, गाडी सपाट जागी आणि इंजिन गार असताना, काडी पाहायची. डिकीत एक लिटरचा डबा ठेवायचा. लांब जायचं नाही. एक्झॉस्टवर ऑइल पडत असेल तर करपल्याचा वास येतो, तसा वास आला तर गाडी बाहेरच काढू नका, पेट घेऊ शकते.

दुसरी गोष्ट. थेंब जिथं पडतो तिथं गळती असतेच असं नाही. ऑइल खाली उतरतं आणि गाडी चालत असताना वाऱ्याने मागं सरकतं. या इंजिनात वर कुठंही पाझर असला तरी ते हेडच्या (इंजिनाचा वरचा भाग) कडेने, ब्लॉकच्या (खालचा भाग) कडेने उतरत शेवटी बेल हाउसिंगच्या तळाशी गोळा होतं, कारण त्या बाजूची सगळ्यात खालची जागा तीच. म्हणून थेंब पाहून मागची सील म्हणणं फार सोपं असतं. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत असे दोन गिअरबॉक्स विनाकारण उतरवलेत, त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या गिऱ्हाइकांचे पैसे गेले.

गिअरबॉक्सला हात लावू नका. आधी इंजिन धुवा. कोमट इंजिनवर डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगीचा करंट वाटणारा भाग), अल्टरनेटर आणि एअर क्लीनरचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीने घट्ट बांधून घ्या. डिझेल आणि ब्रशने सगळी काजळी सोडवा, मग साबणाचं पाणी, मग साध्या नळीने धुवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा नको, करंटच्या भागात पाणी घुसतं. कोरडं झालं की अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर संशयाच्या जागांवर फुंकून बसवा: टॅपेट कव्हरची (हेडवरचं झाकण) कड, हेड आणि ब्लॉकचा सांधा, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरचं बूड, टायमिंग कव्हरची खालची कड, चेंबरची कड. गाडी दहा मिनिटं जागेवर चालवा आणि पाहा. मग दहा किलोमीटर फिरवून परत पाहा. पावडर जिथं पहिल्यांदा काळी होते तिथून वर बघायचं, खाली नाही. सगळ्यात उंच ओली जागा शोधा.

आणि गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर शिरू नका. दोन घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावा, मागच्या चाकांना दगड लावा.

ऑरेंजसिटी (नागपूर), ३ जून, सकाळी ७:४८

काकांचं अगदी खरं आहे. आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती, १०८९ सीसी. तिचीही मागची सील असंच सगळे सांगत होते. शेवटी टॅपेट कव्हरचं पॅकिंग निघालं. बोल्ट वर्षानुवर्षं कोणी ना कोणी आवळत आलेलं, पत्र्याचं कव्हर बोल्टपाशी दबून मधे उचललं गेलेलं. लाकडी ठोकळ्यावर कव्हर ठोकून कड सरळ केली, नवं बुचाचं पॅकिंग घातलं, हलक्या हाताने आवळलं, मग चार वर्षं एक थेंब नाही.

दूरदेशी (मेलबर्न), ३ जून, सकाळी ९:१५

इथे आम्ही ऑइलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग वापरतो. छोटी बाटली ऑइलमध्ये टाकायची, दोन दिवस गाडी वापरायची, मग अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने पाहायचं. गळतीचा माग पिवळाहिरवा उजळून दिसतो. भारतातही ऑनलाइन मिळतो. पण इंजिन आधी धुतलेलं हवं, नाहीतर सगळंच चमकतं. पावडरने काम झालं तर याची गरज नाही.

कृष्णाकाठ, ८ जून, रात्री ८:२०

काकांनी सांगितलं तसं केलं. रविवारी सकाळी सहाला सुरुवात केली, बारापर्यंत नुसती काजळी निघत होती. अॅल्युमिनियमचा मूळ रंग मी पहिल्यांदाच पाहिला. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते, कुठला बोल्ट कधी बदलला ते सांगत.

दहा मिनिटं जागेवर चालवल्यावर सगळं कोरडं. दहा किलोमीटरनंतर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पावडर ओली झालेली. मला वाटलं, सापडलं. पॅकिंग नवं घातलं, बोल्ट हलक्या हाताने. कोपरा आता कोरडा आहे. पण रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला, सकाळी १४ थेंब, पुन्हा बेल हाउसिंगच्या खाली.

म्हणजे मागची सीलच का?

पारिजात (पुणे), ८ जून, रात्री ९:५५

मी ऑइल सील आणि ओ-रिंग (सांध्यात बसणारी गोल रबरी रिंग) तयार करणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. तुमच्या आकड्यांवरून एक हिशेब मांडते.

ऑइलचे वीस-पंचवीस थेंब मिळून जेमतेम एक मिली होतं. रात्रभरात १४ थेंब म्हणजे एक मिलीसुद्धा नाही. उलट ४५० किमीमध्ये तुमची काडी वरच्या खुणेपासून खालच्या खुणेच्या खाली गेली. दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत लिटरच्या आसपास असतं. धूर नाही, म्हणजे ऑइल जळत नसावं. तेव्हा जवळजवळ सगळं ऑइल गाडी चालू असतानाच बाहेर जातंय. उभ्या गाडीतला थेंब ही नुसती मागे राहिलेली ओल आहे. पुठ्ठ्यावर भरवसा ठेवून जागा ठरवू नका.

मागच्या सीलबद्दल दोन प्रश्न त्या फिटरला जरूर विचारा. जुनी सील निघाल्यावर शाफ्टवर सीलच्या ओठाने (रबरी कडेने) घासून पडलेली खाच होती का? असेल तर नवी सील त्याच खोलीवर बसवली तर ओठ पुन्हा त्या खाचेतच बसतो आणि गळतो. ती एक-दीड मिलिमीटर पुढेमागे बसवावी लागते. दुसरं, सील हातोडीने ठोकून बसवली का? तसं केलं की ओठामागची बारीक स्प्रिंग सुटून आत पडते. आम्हाला परत आलेल्या सीलमध्ये हा दोष वारंवार दिसतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं सीलच खराब होती.

पण ही दोन्ही कारणं धरूनसुद्धा काकांचा मुद्दा उरतोच. वरचं सगळं कोरडं असल्याची खात्री झाल्याशिवाय खाली उतरू नका. आणि "वरचं सगळं" तुम्ही अजून पाहिलेलं नाही असं मला वाटतं. गिअरबॉक्सच्या बरोबर वर, हेडच्या टोकाला काय आहे?

मांडवीतीर (पणजी), ८ जून, रात्री ११:४०

पारिजातताईंनी नेमकं बोट ठेवलं. माझी जिप्सी किंग आहे, तिचं इंजिनही १२९८ सीसीचं, याच घराण्यातलं. जिप्सीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसतं, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर मागे, केबिनच्या पत्र्याला चिकटून असतो. एस्टीममध्ये इंजिन आडवं, म्हणून तोच डिस्ट्रिब्युटर हेडच्या डाव्या टोकाला, गिअरबॉक्सच्या डोक्यावर येतो. तो कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणारा हेडमधला दांडा) फिरतो, म्हणजे त्याच्या मागे हेडमधलं ऑइल सतत उडत असतं. ते अडवायला तिथे फक्त एक ओ-रिंग आणि केसचा (डिस्ट्रिब्युटर ज्यात बसतो ते धातूचं घर) सांधा असतो. ओ-रिंग कडक झाली की ऑइल केसच्या पोटाखालून निघतं आणि सरळ बेल हाउसिंगवर उतरतं. वरून पाहिलं तर केस कोरडी दिसते, कारण गळती खालच्या अंगाला असते.

माझ्या जिप्सीत दीड वर्ष हे कोणाला दिसलं नाही. मला कळलं ते केसच्या खाली बोट घातल्यावर. बोट काळं आणि ओलं आलं.

छोटा आरसा घ्या, किंवा मोबाइल व्हिडिओवर लावून, टॉर्च सुरू करून केसच्या खाली धरा. सोबत डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून आतही पाहा. आत ऑइल असेल तर शाफ्टची आतली सीलही गेली. ती वेगळी गोष्ट.

कृष्णाकाठ, ९ जून, रात्री १०:१५

सापडलं. हात थरथरत लिहितोय.

धुताना मी डिस्ट्रिब्युटर पिशवीत बांधला होता, आणि काकांच्या जागांवर पावडर टाकताना तिथे टाकलीच नाही. आज केसखाली मोबाइल धरला. केसच्या खालच्या कडेला ऑइलची गोल झालर लोंबत होती आणि तिथून बेल हाउसिंगपर्यंत चकचकीत ओघळ. तो ओघळ पुसला, पावडर टाकली, आठ किलोमीटर जाऊन आलो. पावडरमध्ये सरळ रेघ उमटली होती, केसपासून खाली. टोपीच्या आत कोरडं आहे.

मी काढू का स्वतः, की गॅरेजला नेऊ?

गॅरेजकाका, १० जून, सकाळी ६:३०

मांडवीतीर, तुमचे आभार. डिस्ट्रिब्युटर मी यादीत लिहायला हवा होता.

स्वतः काढता येईल, घाई मात्र करू नका. बॅटरीची वायर आधी सोडा. टोपी वायरींसकट बाजूला करा, वायर ओढून काढू नका. रोटरचं (टोपीखाली फिरणारा तुकडा) टोक कुठं बघतंय त्याचा फोटो घ्या, आणि डिस्ट्रिब्युटरच्या पट्टीपासून केसपर्यंत रंगाची किंवा खिळ्याची आडवी रेघ मारा. ही रेघ विसरलात तर इग्निशनचं टायमिंग हलेल, गाडी चढाला ठोकेल किंवा तापेल. डिस्ट्रिब्युटर बाहेर असताना इंजिन फिरवायचं नाही, गिअरमध्ये गाडी ढकलायचीही नाही.

जुनी ओ-रिंग टोकदार पेचकसाने उपटू नका, खोबणीला ओरखडा पडतो. बांबूची काडी वापरा. खोबणी फडक्याने पुसा, नव्या रिंगला ऑइल लावा आणि हाताच्या दाबाने बसवा. केस आणि हेडचा सांधा ओला असेल तर केसही काढून तिथलं पॅकिंग बदला. सिलिकॉन लावायचंच झालं तर केसाएवढी धार पुरे. जास्त लावलं तर आतल्या बाजूला फुगतं, तुटून ऑइलमध्ये पडतं आणि चेंबरच्या जाळीत जाऊन बसतं.

बसवल्यावर टायमिंग लाइट असलेल्या माणसाकडून एकदा तपासून घ्या.

पारिजात, १० जून, सकाळी ८:०५

ओ-रिंग घेताना माप जुळलं म्हणजे झालं असं समजू नका. नेहमीची काळी नायट्राइल रबरची असते, ती शंभर-सव्वाशे अंशांच्या सततच्या उष्णतेत वर्षागणिक कडक होत जाते. फ्लोरोरबर, ज्याला बाजारात व्हायटॉन म्हणतात, ते दोनशे अंशांच्या आसपास टिकतं. थोडी महाग पडते, पण या जागेला तीच घ्या. किराणा दुकानासारख्या मिश्र डब्यातली नको. पाण्याच्या नळांसाठीच्या रिंगा त्यात असतात आणि काही रबरं ऑइलमध्ये फुगतात.

सायलेन्सर, १० जून, सकाळी ११:२०

पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टची दुकानं आहेत, जुनी रिंग घेऊन जा. माझा एक प्रश्न: गळती थांबवणारं औषध ऑइलमध्ये टाकून बघावं का? मित्राच्या गाडीत चाललं.

पारिजात, १० जून, दुपारी १:४०

ती औषधं बहुधा रबर मऊ करून फुगवतात. नुसता पाझर असेल तर काही महिने निघतात. पण तुटलेली रिंग त्याने जोडली जात नाही, आणि चांगल्या सीलही उगाच फुगतात. एवढी गळती असताना मी टाकणार नाही.

कृष्णाकाठ, १४ जून, रात्री ९:००

रिंग निघाली ती तीन तुकड्यांत. गोल असायला हवी ती कापल्यासारखी चपटी, नखाने दाबली तर प्लास्टिकसारखा आवाज. केसचं पॅकिंगही एका बाजूने भिजलं होतं, तेही बदललं. दोन्ही वस्तू मिळून अडीचशे रुपयांच्या आत. फोटो टाकलाय.

डिस्ट्रिब्युटर रेघेला रेघ जुळवून बसवला. पहिल्याच किल्लीला सुरू झाली. टायमिंग तपासून घेतलं, दोन अंशांची दुरुस्ती निघाली.

ऐंशी किलोमीटर झालेत. बेल हाउसिंग कोरडं. पण टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा परत किंचित ओलसर झालाय, नवं पॅकिंग असून. हे मला खटकतंय.

गॅरेजकाका, १४ जून, रात्री ९:४०

खटकायलाच हवं. नवं पॅकिंग आठवड्यात पाझरतं तेव्हा आतून दाब येतोय का ते बघायचं. पिस्टन रिंगमधून थोडा वायू कायम क्रँककेसमध्ये उतरतो. त्याला बाहेर काढायला पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रीदरचा पाइप असतो. ती वाट बुजली की वायू सगळ्यात कमजोर सांध्यातून ऑइल ढकलत बाहेर येतो. तुमची ओ-रिंग वयाने कडक झाली हे खरं, पण बशीएवढा डाग दिवाळीनंतर एकाएकी का झाला, याचं उत्तर तिथं असू शकतं.

इंजिन जागेवर चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर वहीचा कागद ठेवा. कागद हलका ओढून धरला गेला तर ठीक. उडत असेल तर दाब आहे. व्हॉल्व्ह काढून कानापाशी हलवा, आत टिकटिक ऐकू आली पाहिजे.

कृष्णाकाठ, १७ जून, रात्री ८:४५

कागद उडाला. व्हॉल्व्ह हलवला तर आवाज नाही, आत काळा चिक्की झालेला चिकट थर. टॅपेट कव्हरहून येणारा रबरी पाइप आतून सुटून स्वतःवरच मिटला होता, बाहेरून अगदी धडधाकट. दोन्ही नवे घातले. कागद आता चिकटून बसतो.

पिस्टन रिंग गेल्या नाहीत ना याची धास्ती होती, म्हणून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घेतलं. चारही सिलिंडर दर चौरस सेंटिमीटरला १२.५ ते १३ किलोच्या दरम्यान. हाफ इंजिन सांगणाऱ्या गॅरेजमध्ये हे कोणी मोजलंच नव्हतं.

गॅरेजकाका, १७ जून, रात्री ९:१०

या इंजिनाची खालची मर्यादा १२ आणि सिलिंडरांमधला फरक १ च्या आत हवा. तुमचं इंजिन उत्तम आहे. खोलू नका.

मांडवीतीर, १७ जून, रात्री १०:२२

किती बरं वाटलं वाचून! क्लच मात्र एकदा नीट पाहा. इतके दिवस बेल हाउसिंगवर ऑइल उतरत होतं, फटीतून आत गेलं असेल तर चढावर गाडी घसरल्यासारखी वाटेल: इंजिन ओरडतं, वेग वाढत नाही.

कृष्णाकाठ, ६ जुलै, संध्याकाळी ७:३०

क्लच पाहिला, घसरत नाही. यवतेश्वरचा चढ तिसऱ्या गिअरवर मुद्दाम दोनदा चढवला.

६२० किमी झाले. काडीवर ऑइल जेमतेम दोन-तीन मिलिमीटर खाली. टॅपेट कव्हर कोरडं. पुठ्ठ्यावर गेल्या आठवड्यात रोज एक थेंब दिसायचा, पण तो पुढच्या बाजूला. चेंबरच्या नटाचा (जुनं ऑइल काढायचा) तांब्याचा वॉशर गळणारा निघाला, दर वेळी तोच वापरून वापरून चपटा झालेला. ऑइल बदलताना नवा घातला.

फेब्रुवारीत सील बदलणाऱ्या फिटरकडे ती तुटकी ओ-रिंग घेऊन गेलो होतो. भांडायला नाही. त्याने ती बराच वेळ हातात फिरवून पाहिली, मग बोनेट उघडायला लावलं आणि केसच्या खाली बोट घालून पाहिलं. म्हणाला, ही माझ्याकडे राहू दे, पोरांना दाखवतो. दिली.

काका, पारिजातताई, मांडवीतीर, तुम्ही तिघांनी बाबांची गाडी वाचवली. उद्या पहाटे आई-बाबांना घेऊन औंधला यमाईच्या दर्शनाला निघतोय. गाडी बाबा चालवणार आहेत. काडी आत्ताच पाहून आलो, ऑइल वरच्या खुणेला आहे. डिकीतला डबा अजून काढलेला नाही.